शाळेचे संगणकजाळे : कारभार आणि मुखत्यारी

शाळेचा कारभार म्हणून ज्याला म्हणतात, त्यात पटनोंदणी, वेळापत्रक, ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि जमाखर्च यांचा समावेश परंपरेने होत आला आहे. आणि यांपैकी प्रत्येक खात्याची शाळेत अशी काही वहिवाट पडलेली असते की, ग्रंथपाल बदलला, कारकून निवृत्त झाला किंवा मुख्याध्यापकांची बदली झाली, तरी नव्याने आलेल्या माणसाने दप्तर उघडावे, मागील नोंदी वाचाव्यात आणि काम जेथे थांबले असेल तेथून ते पुढे चालवावे. संगणक कक्ष हे एकच खाते असे आहे की, ज्यात ही वहिवाट पुष्कळ शाळांना अद्याप पाडता आलेली नाही. यंत्रे शाळेच्या मालमत्तेत नोंदलेली असतात, त्यांच्या विजेचे बिल शाळा भरते, त्यांच्यावर शिकणारी मुले शाळेची असतात. परंतु त्या यंत्रांत जे चालते ते कसे चालते, त्यात बदल करावयाचा झाल्यास तो कोणी करावयाचा, एका यंत्रावर घातलेली आज्ञावली दुसऱ्यावर घालण्याचा अधिकार शाळेला आहे की नाही, आणि पुरवठादाराशी झालेल्या कराराची मुदत संपल्यावर या सगळ्याचे काय व्हावयाचे, या प्रश्नांची उत्तरे शाळेच्या दप्तरात सापडत नाहीत. जमीन कसावी एकाने आणि सातबाऱ्यावर नाव असावे दुसऱ्याचे, अशी ही स्थिती आहे.

ही स्थिती कोणाच्या दुष्ट हेतूने निर्माण झाली असे मानण्याचे कारण नाही. शालेय शिक्षणात संगणक आणण्याची केंद्र सरकारची योजना डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली, आणि तिच्या अंमलबजावणीसाठी अनेक राज्यांनी ठराविक वर्षांच्या मक्त्याची पद्धत स्वीकारली : मक्तेदाराने यंत्रे बसवावीत, मुदतीपर्यंत ती चालवावीत, आणि मुदत संपताच ती शाळेच्या स्वाधीन करावीत. शाळांजवळ तंत्रज्ञ नव्हते, तेव्हा ही तजवीज त्या वेळी सोयीचीच होती. परंतु यंत्रे स्वाधीन करणे सोपे आणि यंत्रांचे ज्ञान स्वाधीन करणे अवघड, हा भेद करारनाम्याच्या कलमांत मावला नाही. आणि मक्त्याची जी मुदत तीच पुष्कळ ठिकाणी ज्ञानाचीही मुदत ठरली.

प्रस्तुत ग्रंथ हा भेद ध्यानात घेऊन लिहिला आहे. त्याचे प्रतिपाद्य थोडक्यात सांगावयाचे तर असे की, शाळेचे संगणकजाळे हा शाळेचा स्वतःचा कारभार झाला पाहिजे. तो तसा होण्यासाठी मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आवश्यक आहे, परंतु ते पुरेसे नाही. आणि जे उणे राहते, ते हे जाळे समजून घेणाऱ्या, चालविणाऱ्या आणि आपल्यामागून येणाऱ्याच्या हाती नीट सोपविणाऱ्या शिक्षकानेच भरून काढावयाचे असते. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची शिफारस करताना त्याच्या परवान्याला पैसे पडत नाहीत हे कारण सर्वप्रथम पुढे केले जाते. ते खोटे नाही, आणि ज्या शाळेच्या वेतनेतर अनुदानात खडूचा खर्चही मोजून करावा लागतो तिच्या दृष्टीने ते क्षुल्लकही नाही; तथापि केवळ त्या कारणासाठी जी शाळा या मार्गाला लागते, ती पहिली अडचण येताच मागे फिरते, कारण वाचलेला पैसा डोळ्यांना दिसत नाही आणि आलेली अडचण मात्र सर्वांना दिसते. यास्तव या मार्गाचे खरे प्रयोजन मुळापासून पाहणे इष्ट आहे.

ज्या सनदेच्या बळावर शाळेला आपल्या यंत्रांवर मुखत्यारी मिळते, ती सनद कोठून आली, हे आधी सांगितले पाहिजे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत काम करणारे रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी ‘ग्नू’ या नावाने एक संपूर्ण मुक्त संगणकप्रणाली रचण्याचा संकल्प जाहीर केला, आणि १९८९ मध्ये ‘जनरल पब्लिक लायसन्स’ हा परवाना प्रसिद्ध झाला. आज्ञावली कोणत्याही कामासाठी चालविणे, तिची अंतर्रचना अभ्यासून तीत आपल्या गरजेनुसार बदल करणे, तिच्या प्रती इतरांना देणे, आणि बदललेल्या प्रतीही इतरांना देणे, हे चार अधिकार तो परवाना घेणाऱ्याला देतो. आणि त्याची मुख्य शर्त अशी की, जो पुढे वाटील त्याने हेच अधिकार पुढच्यालाही दिले पाहिजेत. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ हा प्रणालीचा गाभा लिहून प्रसिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी तो याच परवान्याखाली आणला. १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी ‘डेबियन’ हा सामुदायिक प्रकल्प आरंभिला, आणि १९९७ मध्ये त्या प्रकल्पाने आपला सामाजिक करारनामा जाहीर करून प्रणाली कायम मुक्त राहील आणि वापरणाऱ्याचे हित अग्रस्थानी राहील असे वचन दिले. हा करारनामा शाळेच्या दृष्टीने विशेष मोलाचा आहे, कारण डेबियनच्या मागे कोणी एक मालक नाही. अर्थात मालकाने धोरण बदलले म्हणून शाळेचे जाळे अडचणीत आले, असा प्रसंग येण्याचे तेथे कारणच उरत नाही.

उपरोक्त चार अधिकारांकडे शिक्षकाच्या दृष्टीने पाहिले असता ते संगणकशास्त्रापेक्षा शिक्षणशास्त्राशी अधिक निगडित आहेत असे दिसून येईल. आज्ञावलीची अंतर्रचना पाहण्याचा अधिकार म्हणजे जिज्ञासू विद्यार्थ्याला ‘हे असे का होते’ या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा अधिकार होय. प्रत देण्याचा अधिकार तर याहूनही जवळचा आहे. वर्गात ज्या आज्ञावलीवर चित्र काढले किंवा भूमितीची रचना केली, ती घरी नेण्याची इच्छा मुलाला होणे हे शिक्षण यशस्वी झाल्याचे लक्षण आहे. परंतु ती आज्ञावली बंदिस्त परवान्याची असेल तर शिक्षकापुढे दोनच मार्ग उरतात : एक तर मुलाला नाही म्हणावे, किंवा त्याने केलेल्या नकलेकडे काणाडोळा करावा. परवाना नसलेली प्रत यंत्रावर घालून तिच्याविषयी मौन पाळणे ही गोष्ट आपल्याकडे इतकी अंगवळणी पडली की, त्यात काही गैर आहे याची जाणीवच बोथट झाली. ज्या संस्थेने मुलांना प्रामाणिकपणा शिकवावयाचा, तिच्याच प्रयोगशाळेत रोज एक लहानशी अप्रामाणिक गोष्ट घडावी, हे शिक्षकाच्या मनाला लागले पाहिजे. मुक्त परवान्याच्या आज्ञावलीने हा पेच मुळातच नाहीसा होतो. शिक्षक मुलाला मोकळ्या मनाने सांगू शकतो की ही प्रत घरी ने, शेजारच्या मुलाला दे आणि जमल्यास हिच्यात सुधारणा कर.

हे तत्त्व शाळेच्या रोजच्या व्यवहारात उतरविण्याचा जो प्रयत्न नॉर्वे देशात झाला, तो या ग्रंथाचा मुख्य आधार आहे. २ जुलै २००१ रोजी तेथील काही प्रोग्रामर मंडळींनी ‘स्कोलेलिनक्स’ हा प्रकल्प सुरू केला. नॉर्वेजियन भाषेची बुकमोल आणि न्यूनोर्स्क अशी दोन अधिकृत लिखित रूपे आहेत; त्यांपैकी न्यूनोर्स्क हे अल्पसंख्यांचे असले तरी पाठ्यपुस्तके दोन्ही रूपांत एकाच वेळी आणि एकाच किमतीत उपलब्ध असली पाहिजेत, असा दंडक तेथील शिक्षणविषयक कायद्याने घालून दिला आहे. पुस्तकाला जो न्याय, तो संगणकाच्या पडद्याला मात्र लागू झालेला नव्हता; न्यूनोर्स्कमधून लिहिणाऱ्या मुलाला संगणक परक्या रूपातच वाचावा लागे, आणि परदेशी पुरवठादाराला एवढ्या लहान वाचकवर्गासाठी भाषांतर करणे परवडत नव्हते. मुक्त आज्ञावलीचे भाषांतर करण्यास मात्र कोणाची अनुमती मागावी लागत नाही. स्कोलेलिनक्सच्या स्वयंसेवकांनी ते बुकमोलमध्ये, न्यूनोर्स्कमध्ये आणि उत्तरेकडील सामी लोकांच्या भाषेतही केले. फ्रान्समध्ये याच सुमारास ‘डेबियन एज्यु’ या नावाने असाच एक उपक्रम सुरू झाला होता. २००३ मध्ये दोहोंचा संगम झाला, आणि २००४ मध्ये स्कोलेलिनक्सची पहिली पूर्ण आवृत्ती बाहेर पडली. त्यानंतर डेबियनच्या आवृत्तीपाठोपाठ तिची आवृत्ती निघण्याचा क्रम चालू राहिला आहे.

या प्रणालीचे वैशिष्ट्य असे की, ती एका यंत्रासाठी रचलेली नसून सबंध शाळेसाठी रचलेली आहे. सामान्यतः जाळे उभारणारा तंत्रज्ञ प्रत्येक सेवा निरनिराळी बसवितो, आणि त्या एकमेकींशी कशा जोडल्या हे त्याच्याच डोक्यात राहते. तो गेला की तो तपशीलही जातो. स्कोलेलिनक्समध्ये हा तपशील आधीच ठरवून, लिहून आणि जगजाहीर करून ठेवलेला आहे. बसविते वेळी मुख्य प्रश्न विचारला जातो, तो असा की, हे यंत्र मुख्य सर्व्हर होणार, विद्यार्थ्याचे स्थानक होणार, शिक्षकाचा फिरता लॅपटॉप होणार की एकटेच राहणार. उत्तराप्रमाणे बाकीची मांडणी आपोआप होते. मुख्य सर्व्हरचा जाळ्यातील पत्ता १०.०.२.२ आणि बाहेर जाण्याच्या दाराचा पत्ता १०.०.०.१, ही वाटणीसुद्धा मूळ मांडणीत सर्वत्र सारखी ठेवलेली आहे. त्यामुळे जर्मनीतील एखाद्या शिक्षकाने लिहून ठेवलेला उपाय कोल्हापूरच्या शिक्षकालाही जसाच्या तसा लागू पडू शकतो. नॉर्वेतील काही नगरपालिकांनी अनेक शाळांची जाळी एकाच ठिकाणाहून सांभाळली, ती याच समान मांडणीच्या जोरावर.

जाळे कसे चालते याची स्थूल कल्पना येथेच देणे अवश्य आहे, कारण पुढील प्रकरणांतील बारकावे तिच्यावाचून सुटेसुटे वाटतील. सातवीच्या वर्गातील एखादी मुलगी कक्षातील कोणत्याही एका यंत्रापुढे बसते. यंत्र सुरू होताच ते जाळ्यात आपल्यासाठी पत्ता मागते, आणि डीएचसीपी ही सेवा त्याला तो देते. नावांवरून पत्ते सांगण्याचे काम डीएनएस ही सेवा करते. मुलगी आपले नाव आणि परवलीचा शब्द घालते. शाळेतील सर्वांची नावे, वर्ग आणि गट यांची एकत्रित नोंद एलडॅप या निर्देशिकेत असते. ओळख पटविण्याचे काम मॅसॅच्युसेट्सच्या त्याच विद्यापीठात जन्मलेली कर्बेरॉस ही यंत्रणा करते, आणि ओळख पटल्यावर काही तासांच्या मुदतीचा परवाना देते, जेणेकरून तो परवलीचा शब्द प्रत्येक सेवेपुढे पुन्हा पुन्हा सांगावा लागू नये. मुलीच्या फायली त्या यंत्रावर नसतातच. त्या सर्व्हरवर असतात आणि एनएफएस या सेवेद्वारा तिच्यापुढे उघडल्या जातात. यामुळे काल खिडकीजवळच्या यंत्रावर अर्धा राहिलेला निबंध आज दारापाशी बसून पुरा करता येतो, आणि एखादे यंत्र बिघडले तरी कोणाचे काम बुडत नाही. शाळेत विंडोजवर चालणारी काही यंत्रे असली, तर तीही सांबा या आज्ञावलीच्या साहाय्याने याच फायलींपर्यंत पोहोचू शकतात. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये आरंभिलेली ही आज्ञावली संक्रमणकाळात शाळेच्या फार उपयोगी पडते. छपाईचा बंदोबस्त कप्स करते. एकदा आणलेले संकेतस्थळाचे पान जवळ ठेवून दुसऱ्या मागणाऱ्याला तेथूनच देण्याचे काम स्क्विड करू शकते. ठरलेल्या वेळी सर्व फायलींची राखीव प्रत निघते, आणि एखादी सेवा बंद पडल्यास देखरेखीची यंत्रणा तशी वर्दी देते. वर्षारंभी नव्या विद्यार्थ्यांची खाती उघडण्यासाठी पटावरील यादी एकदाच भरली की पुरते. या कामासाठी गोसा नावाचे साधन आहे, आणि ते न्याहाळकातूनच वापरता येत असल्यामुळे शिक्षकाला आज्ञा पाठ कराव्या लागत नाहीत.

जुन्या यंत्रांचे काय करावे हा आपल्याकडील शाळांचा जिव्हाळ्याचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मुक्त प्रणालीच्या जगात फार पूर्वीच शोधले गेले. जिम मॅक्विलन यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट’ सुरू केला. त्याची योजना अशी की, विद्यार्थ्यापुढील यंत्राला स्वतःची तबकडी नसली तरी चालावे. त्याने सुरू होताना आपली प्रणाली जाळ्यातून सर्व्हरकडून घ्यावी, आणि यंत्र फारच दुबळे असेल तर प्रत्यक्ष कामही सर्व्हरनेच करून केवळ पडदा, कळफलक आणि माऊस यांचा व्यवहार त्या यंत्राकडे सोपवावा. असे असता एक सशक्त सर्व्हर घेतला की कार्यालयांनी मोडीत काढलेली यंत्रे सबंध वर्गाच्या कामी येतात. आणि सुधारणा, दुरुस्ती व बंदोबस्त हे सारे एकाच ठिकाणी करावयाचे असल्यामुळे शिक्षकाचा वेळही वाचतो. गोव्यात या शतकाच्या आरंभी परदेशस्थ गोमंतकीयांच्या साहाय्याने वापरलेले संगणक आणून, त्यांवर लिनक्स घालून, ते शाळांना देण्याचा जो उपक्रम झाला, त्याचे मर्म हेच होते. अर्थात सारे ओझे सर्व्हरवर पडत असल्यामुळे त्याची स्मृती, त्याला पुरवठा करणारे स्विच आणि वीज गेल्यावर तो सांभाळणारे यूपीएस यांवर खर्च करताना हात आखडता घेता कामा नये. आणि भारनियमनाच्या गावी तर या तिहींचा विचार सर्वांआधी केला पाहिजे.

तथापि यंत्र आणि आज्ञावली यांचा विचार कितीही झाला तरी तो अर्धाच आहे; दुसऱ्या अर्ध्याचा धडा आपल्याला केरळने घालून दिला आहे. त्या राज्याने २००१ मध्ये ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ हा प्रकल्प आरंभिला. त्याच वर्षी तिरुवनंतपुरम येथे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाची स्थापना झाली, आणि शाळांतील संगणकशिक्षण एका कंपनीच्या उत्पादनांपुरते बांधलेले असावे काय, या प्रश्नावर शिक्षकांच्या संघटनांनीच वाद घातला. त्या वादाची फलश्रुती म्हणून पुढील काही वर्षांत तेथील सरकारी शाळा मुक्त प्रणालीकडे वळल्या, त्यांच्या गरजेप्रमाणे ती प्रणाली मल्याळम भाषेसह राज्यातच घडविली जाऊ लागली, आणि २०१७ मध्ये या प्रकल्पाचे ‘काइट’ या सरकारी कंपनीत रूपांतर झाले. या साऱ्या खटाटोपात केरळने एक गोष्ट फार शहाणपणाने केली. त्याने प्रशिक्षक बाहेरून आणले नाहीत. चालू नोकरीतील शिक्षकांतूनच मुख्य प्रशिक्षक निवडले, आणि प्रत्येक शाळेत एका शिक्षकाकडे समन्वयक म्हणून या कामाचा जिम्मा दिला. गणित किंवा भौतिकशास्त्र शिकविणारा शिक्षकच जाळ्याचाही कारभारी झाला, तेव्हा वर्गाला काय हवे आणि यंत्राला काय साधते, या दोहोंचा मेळ एकाच माणसाच्या ठायी बसला. २०१८ मध्ये माध्यमिक शाळांतून ‘लिटल काइट्स’ ही विद्यार्थ्यांची मंडळे निघाली, आणि यंत्रांची निगा राखण्याच्या कामात मुलांचाही हात लागू लागला. शेकडो शाळांत बंद पडलेल्या यंत्रांवर धूळ साचू न देण्याचे श्रेय परवान्यापेक्षा या मनुष्यबळाच्या उभारणीला अधिक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

महाराष्ट्रात अशा कामाला आधार नाही असे नाही. मुंबईच्या होमी भाभा विज्ञानशिक्षण केंद्रात मुक्त प्रणालीचा पुरस्कार आणि तिच्यावर आधारलेले शैक्षणिक संशोधन दीर्घकाळ चालले आहे. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली ‘स्पोकन ट्यूटोरियल’ हा उपक्रम चालविला. लिनक्स, लिबरऑफिस, जिओजेब्रा अशा आज्ञावलींचे त्यातील लहान लहान पाठ मराठीतूनही ऐकावयास मिळतात, आणि इंटरनेट नसले तरी ते उतरवून घेऊन वापरता येतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेच्या चेन्नई केंद्राने २००७ मध्ये ‘बॉस’ ही डेबियनवर आधारलेली भारतीय प्रणाली प्रसिद्ध केली. शालेय शिक्षणातील माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाविषयीच्या २०१२ च्या राष्ट्रीय धोरणाने मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला पसंती दिली, आणि २०१५ मध्ये केंद्र सरकारने आपल्या कार्यालयांसाठीही तसेच धोरण जाहीर केले. अर्थात हुकूम आहे, साधन आहे, पाठही आहेत. उणीव आहे ती शाळेशाळेत त्यांना एकत्र गुंफणाऱ्या माणसाची.

येथे आपल्या भाषेविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण न्यूनोर्स्कची कथा मराठी वाचकाला परकी वाटण्याचे काही कारण नाही. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी आपल्या कार्यालयांत आणि शाळांत ज्या निरनिराळ्या टंकांतून मराठी लिहिली गेली, त्यांतील प्रत्येकाची संकेतपद्धती निराळी होती. टंक गेला की मजकूरही निरर्थक चिन्हांची रांग होऊन बसे. शाळांच्या वार्षिकांचे, स्मरणिकांचे, प्रश्नपत्रिकांचे किती लेखन अशा रीतीने मुके झाले असेल, याची कल्पना जुनी दप्तरे चाळणाऱ्यास सहज येईल. ज्या साठवणुकीची पद्धत जगजाहीर असते तिच्यावर असा प्रसंग ओढवत नाही. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता पावलेले ‘ओपन डॉक्युमेंट’ हे स्वरूप, युनिकोडची देवनागरी आणि इनस्क्रिप्टचा कळफलक, या तीन गोष्टी शाळेने आग्रहाने धरल्या तर आज लिहिलेले मराठी पन्नास वर्षांनी वाचणाऱ्यालाही अडचण पडू नये. टंकांचीही गोष्ट अशीच आहे. पाकळीचा ल आणि देठयुक्त श ही मराठीची वळणे, किंवा ‘दुसऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ या शब्दांतील अर्ध्या ‘र’चे अर्धचंद्राकृती रूप, यांची दखल हिंदीला अनुसरून घडविलेल्या टंकांत अनेकदा घेतली जात नसे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेची प्रमाण वळणे निश्चित केली. परंतु शासनाने वळण ठरविले तरी ते टंकात उतरविण्याचा अधिकार टंकाच्या मालकाकडेच असतो. ‘लोहित’सारख्या मुक्त परवान्याच्या टंकात तो अधिकार सर्वांचा आहे, आणि मराठीसाठी तो वापरलाही गेला आहे. आपल्या अक्षराचे वळण दुरुस्त करण्यासाठी परक्याच्या दारी अर्ज करावा लागू नये, ही अपेक्षा माफक आहे.

आता आक्षेपांकडे वळणे उचित होईल. पहिला आक्षेप पालकांचा असतो : बाहेर नोकरीत जी प्रणाली वापरावी लागणार, तीच शाळेत शिकवावी. हा आक्षेप कळकळीचा आहे आणि त्याला आदराने उत्तर दिले पाहिजे. पाचवीत शिकणारे मूल नोकरीला लागेपर्यंत किमान दहा-बारा वर्षे लोटतात, आणि तोवर आजच्या पडद्यावरील बटणांची मांडणी कोणत्याच प्रणालीत तशीच उरत नाही. उरते ते लेखनाची रचना करणे, तक्ता मांडणे, माहिती पारखून घेणे आणि यंत्राकडून नेमके काम करवून घेणे हे कौशल्य, आणि ते कोणत्याही चांगल्या आज्ञावलीवर येते. शिवाय जगातील सर्व्हरांचा फार मोठा भाग लिनक्सवर चालतो, आणि हातातील अँड्रॉइड फोनचा गाभाही तोच आहे. तेव्हा हे शिक्षण व्यवहाराबाहेरचे आहे असे म्हणता येत नाही. दुसरा आक्षेप शिक्षकांचा असतो की, काही छपाईयंत्रे, काही स्कॅनर आणि काही कार्यालयीन आज्ञावली या प्रणालीवर चालत नाहीत. तो खरा आहे. त्यावर उपाय असा की, खरेदीपूर्वीच यंत्र या प्रणालीवर चालते की नाही हे पाहावे, आणि एखादे काम बंदिस्त प्रणालीवाचून होतच नसेल तर त्यापुरते एक यंत्र निराळे ठेवावे; त्या एका कामासाठी सबंध शाळा बांधून घेऊ नये. तिसरा आक्षेप असा की, बिघाड झाल्यास गावात दुरुस्त करणारा मिळत नाही. हाही खरा आहे, आणि त्याचे उत्तर या ग्रंथाचा निम्मा भाग व्यापून आहे.

एका गोष्टीविषयी मात्र कारभारी शिक्षकाला प्रारंभीच सावध केले पाहिजे. ज्याच्या हाती सर्व्हर, त्याच्या हाती प्रत्येक मुलाच्या फायली आणि त्याने पाहिलेल्या पानांची नोंदही येते. मुखत्यारीबरोबर विश्वस्ताचे दायित्व येते. कोणती नोंद ठेवावयाची, किती दिवस ठेवावयाची आणि ती कोणी पाहावयाची, याचा निर्णय मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समिती यांनी लेखी करावा, तो पालकांना कळवावा आणि आवश्यकतेपलीकडची नोंद ठेवूच नये. शाळेचे जाळे शाळेच्या मालकीचे असण्याचा एक मोठा लाभ हाच की, मुलांविषयीची माहिती शाळेच्या चार भिंतींत राहते. तो लाभ शाळेने स्वतःच्याच हाताने घालवू नये.

ग्रंथाची रचना येणेप्रमाणे आहे. पहिल्या भागात केबल, स्विच, सर्व्हर आणि वीज यांची मांडणी सांगितली आहे. दुसऱ्या भागात मुख्य सर्व्हर बसविण्यापासून वर्गांची खाती उघडण्यापर्यंतचा क्रम आहे. तिसऱ्या भागात वर्गात प्रत्यक्ष वापरावयाच्या आज्ञावलींचा परिचय आहे : लहानांसाठी जीकॉम्प्री आणि टक्स पेंट, भूमितीसाठी जिओजेब्रा, लेखनासाठी लिबरऑफिस, पाठांच्या मांडणीसाठी मूडल, आणि जेथे इंटरनेट पोहोचत नाही तेथे विकिपीडिया जवळ ठेवण्यासाठी किविक्स. चौथा भाग बिघाडांचा आहे, आणि तो जाणूनबुजून सर्वांत मोठा ठेवला आहे. पाचव्या भागात दप्तराचे नमुने दिले आहेत : यंत्रांची यादी, केबलींचा नकाशा, बदलांची नोंदवही, राखीव प्रतींची तपासणी आणि कारभार सोपविण्याचा तक्ता. ज्या शिक्षकाला वेळ फार थोडा आहे, त्याने शेवटचा भाग प्रथम वाचावा. कारण नीट दप्तर असलेले सामान्य जाळे पुढची पिढी सुधारू शकते, आणि दप्तराविना असलेले उत्कृष्ट जाळे मात्र आपल्या कर्त्याबरोबरच निवृत्त होते.

मुख्याध्यापक आणि व्यवस्थापन समित्या यांच्याकडे प्रस्तुत लेखकाचे मागणे दोनच गोष्टींचे आहे. जाळ्याचा जिम्मा ज्या शिक्षकाकडे द्याल, त्याच्या आठवड्याच्या तासिका तितक्या कमी करा; शाळा सुटल्यानंतरच्या उसन्या वेळात आणि केवळ हौसेवर हा कारभार दीर्घकाळ चालत नाही, आणि परवान्यापोटी जो पैसा वाचला त्याचा पहिला हक्क या माणसाच्या वेळेवर व प्रशिक्षणावर आहे. दुसरे असे की, त्याच्या जोडीला दुसरा शिक्षक आणि वरच्या वर्गांतील काही मुलेमुली आरंभापासूनच तयार करा, म्हणजे बदलीचा हुकूम येईल त्या दिवशी शाळेचे ज्ञान शाळेतच राहील.

ज्या अधिकारांचे समर्थन या ग्रंथात केले आहे ते स्वतः ग्रंथाला नाकारणे विसंगत होईल. यास्तव या ग्रंथाची प्रत काढण्यास, त्यातील प्रकरणे आपल्या शाळेपुरती बदलण्यास, कोकणी किंवा अन्य भाषांत त्याचे रूपांतर करण्यास आणि सुधारलेली आवृत्ती वाटण्यास प्रत्येकाला मुभा आहे. शर्त एवढीच की, तीच मुभा पुढच्या वाचकालाही द्यावी. चुकलेले सुधारावे, राहिलेले भरावे, आपल्या गावच्या यंत्रांवर जे साधले ते लिहून जोडावे. शिक्षकांनी शिक्षकांसाठी सतत लिहीत जावे असाच हा विषय आहे, आणि त्यातील पहिली आवृत्ती वाचकांच्या हाती देऊन प्रस्तुत लेखक आपला भाग पुरा करीत आहे.